नऊ व्होल्टचं गूढ

येत्या शनिवारी एका गूढ गायकाचा कार्यक्रम आहे. दीडशे खुर्च्या, एक माणूस, एक गिटार. पोस्टरवर अर्धाच चेहरा आहे, तोही पाठमोरा. म्हणजे खरं तर नुसता कान आहे. तिकीट ४९९ रुपये. यात मात्र काही गूढ नाही. पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही, वर गेलात की अठरा टक्के.

मी साउंडवाला. गूढतेशी माझं वैर नाही, पण तिनं स्टेजवर राहावं, इनपुट लिस्टमध्ये शिरू नये. इनपुट लिस्ट म्हणजे साधा कागद: माइक किती, गिटारला पिकअप (तारांचा आवाज केबलमध्ये धाडणारा तुकडा) आहे का, असला तर कसला, मॉनिटर (गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) कुठे हवा, उभं राहून गाणार की बसून. शेवटचा प्रश्न लोकांना खुळचट वाटतो. पण उभ्याचा माइक स्टँड वेगळा, बसणाऱ्याचा वेगळा. गिटारवाल्याला तर आडव्या दांडीचा बूम स्टँडच लागतो, कारण सरळ स्टँड नेमका गिटारच्या पोटात येतो. हा कागद गूढ मंडळींकडून कोराच परत येतो. नाहीतर त्यावर 'प्रकाश कमी' एवढं लिहिलेलं असतं.

या पंथाचा महामेरू म्हणजे टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा जँडेक. १९७८पासून तो पोस्टानं तबकड्या विकत राहिला आणि पाव शतकाहून जास्त काळ स्टेजवर आलाच नाही. ऑक्टोबर २००४मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या 'द आर्चेस' या सभागृहात तो पहिल्यांदा लोकांसमोर आला, तोही आधी नाव जाहीर न करता. जाणकार अजून त्या दिवसाबद्दल हळू आवाजात बोलतात. मला मात्र तिथल्या मिक्सरवर बसलेल्याची काळजी वाटते. सोबत रिचर्ड यंग्सचा बास आणि अ‍ॅलेक्स नीलसनचे ड्रम्स. म्हणजे 'ड्रमला माइक किती?' हे कुणीतरी कुणाला तरी विचारलंच असणार. त्यात जँडेकची गिटार त्याच्या स्वतःच्या हिशेबानं लावलेली. ती सुरात आहे की नाही हे बाहेरच्यानं ठरवायची सोयच नाही.

आमच्याकडे ती सोय आहे आणि तिथूनच त्रास सुरू होतो. या मंडळींना दर गाण्याला वेगळं ट्यूनिंग लागतं. डीएडीजीएडी घ्या, म्हणजे सहा तारांचे सहा सूर: पहिली, दुसरी आणि सहावी तार दोन-दोन पडद्यांएवढी उतरवायची, पुढच्या गाण्याला परत चढवायची. इंग्लंडचा गायक-गिटारवादक निक ड्रेकच्या कार्यक्रमांत या लावालावीत इतका वेळ जायचा की श्रोते गप्पा मारू लागायचे. कॅनडाची गायिका जोनी मिचेलनं पन्नासेक ट्यूनिंगं वापरली आणि नव्वदच्या दशकात वैतागून खुंट्या न पिळता ट्यूनिंग बदलणारं रोलँडचं यंत्र घेतलं. आपल्याकडे तंबोरे जुळेपर्यंत लोक डोळे मिटून माना डोलावतात. तेच लोक गिटारची खुंटी पिळलेली दिसली की मोबाइल काढतात. याला न्याय म्हणत नाहीत, पण दीडशे मोबाइलांचा उजेड पडला की त्या 'प्रकाश कमी'चा निकाल लागतो हेही खरं.

यावर उपाय आहेत आणि एकही गूढ नाही. तारा कार्यक्रमाच्या दिवशी बदलू नका, आदल्या दिवशी बदला आणि हातानं ओढून ओढून ताण बसवून घ्या. सूर खालून वर चढवत लावा. वरून खाली आणलेली तार दोन मिनिटांत आणखी घसरते. आणि मेकअप रूममध्ये जुळवलेली गिटार तशीच स्टेजवर आणू नका. दिव्याखाली तारा तापतात, सैल होतात, सूर उतरतो. एसीचा झोत थेट बसला तर उलट चढतो. दिवे लावा, गिटार दहा मिनिटं स्टेजवर ठेवा, मग जुळवा. आणि दोन ट्यूनिंगं असतील तर दोन गिटारी आणा. गूढ माणसाला दोन गिटारी शोभत नाहीत असं कुठे लिहिलंय?

आता आवाज. हे लोक पुटपुटतात, आणि माइकपासून हातभर लांब राहून पुटपुटतात. तोंडापासून माइकचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो. अडीच सेंटिमीटरवरून पाच, पाचावरून दहा, मग वीस, मग चाळीस: चार पायऱ्यांत चोवीस डेसिबल गेले. ते भरून काढायला मी गेन, म्हणजे माइकची उचल, वाढवतो. वाढलेला गेन गायकाबरोबर एसी, खुर्चीची करकर आणि तिसऱ्या रांगेतलं वेफर्सचं पाकीटही उचलतो, आणि शेवटी मॉनिटरमधून निघालेला आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी मारतो. लोक वळून माझ्याकडे पाहतात. गायकाकडे कुणी पाहत नाही, कारण तो अंधारात असतो.

यातही टोपी असेल तर संपलंच. नेहमीच्या कार्डिऑइड माइकला पाठीमागचं ऐकू येत नाही, म्हणून मॉनिटर त्याच्या बरोबर पाठीमागे ठेवतात. सुपरकार्डिऑइड असेल तर तिरपा ठेवावा लागतो, कारण त्याला थेट मागचं थोडं ऐकू येतं. एवढी भूमिती मी गुडघ्यावर बसून जुळवतो. साउंड चेकला महाराज बोडक्यानं येतात, सगळं छान वाजतं. कार्यक्रमाला रुंद काठाची टोपी घालून येतात. मॉनिटरचा आवाज त्या काठावर आपटतो आणि थेट माइकच्या तोंडात उतरतो. टोपी घालायचीच तर साउंड चेकलाही घाला. माइकची जाळी मुठीत धरून भावुक होऊ नका. जाळी झाकली की माइकला चहूकडचं ऐकू यायला लागतं.

गिटारचं पोटही कमी नाही. आतली हवा साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि मॉनिटर जोरात असला की गिटार कुणी न छेडता 'हूं' करत राहते. भोकाला रबरी झाकण लावा. दोनशे-तीनशे रुपयांच्या त्या गोल तुकड्यानं मोठमोठ्या इक्वलायझरवाल्यांची अब्रू वाचवली आहे. झाकण नसेल तर मी ती फ्रिक्वेन्सी शोधून बारीक कापतो. 'गिटारमधला ओलावा गेला' अशी तक्रार मग येते. गेला, बरोबर आहे. मीच काढला.

मधेच घुरघुर ऐकू आली तर ती कलात्मक समजू नये. दिवे मंद करणारे डिमर आणि साउंड एकाच लाइनवर असल्याची ती खूण. दोन लाइनी वेगळ्या घ्या. गिटारची केबल मिक्सरला जोडणाऱ्या डबीवर, म्हणजे डीआय बॉक्सवर, ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबून पाहा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. घुरघुर थांबेल, पण त्या जोडीला गायकही थांबू शकतो.

आणि सगळ्यात शेवटी तो चौकोनी सेल. पिकअपवाल्या बहुतेक गिटारींत पिकअपचा बारीक आवाज वाढवणारा, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प असतो, आणि त्याला वेगळं बटण नसतं. केबल खोचली की तो चालू, काढली की बंद. साउंड चेक चारला संपतो, महाराज केबल तशीच खोचून चिंतनाला जातात आणि प्रीअ‍ॅम्प साडेसातपर्यंत एकटाच जागत बसतो. दर कार्यक्रमाला असं झालं की एके रात्री बॅटरी आधी फाटका आवाज देते, मग बारीक, मग काहीच नाही. तेही नेमकं सगळ्यात हळू गाण्यात. प्रेक्षकांना वाटतं, काय ही शांतता!

शनिवारच्या गायकाला मी चौदा प्रश्न पाठवले होते. काल एकाचं उत्तर आलं. प्रश्न होता, 'गिटारमधली बॅटरी नवी आहे का?'

उत्तर होतं, 'नवं असं काय असतं?'

दोन सेल आणून ठेवलेत. एक शनिवारसाठी, दुसरा पुढच्या गूढ माणसासाठी, जपून.