बीएड दोन वर्षांचं केलं ते म्हणे फीसाठी!

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर परत तोच मेसेज फिरतोय, की 2015 ला आपल्या विद्यापीठाने कॉलेजवाल्यांची फी दुप्पट व्हावी म्हणून बीएड दोन वर्षांचं केलं, 2016 ला एकही नवी बॅच निघाली नाही, आणि आता एक वर्षाचं परत येतंय म्हणजे चूक मान्यच केली.

अहो, निर्णय विद्यापीठाचा नव्हताच. एनसीटीईने, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या परिषदेने, 2014 च्या शेवटी नियम काढले, 2015-16 पासून ते देशभर लागू झाले, आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने (बहिणाबाईंचं नाव 2018 ला लागलं) त्याप्रमाणे सिलॅबस बदलला एवढंच. आणि याचं मूळ तर आपल्याच राज्यात आहे, महाराष्ट्रातल्या 291 डीएड कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सुप्रीम कोर्टात गेला, त्यातून वर्मा आयोग नेमला गेला आणि 2012 च्या अहवालात शिक्षक घडवायला जास्त वेळ द्या असं त्यांनीच सांगितलं.

फीचं म्हणाल तर दोन वर्षांत खिशाला जास्त चाट बसते, शेतकऱ्याच्या पोरीला ते जड जातंच, कबूल. पण त्याच नियमांनी युनिट, म्हणजे एका तुकडीतली मुलं, 100 वरून 50 वर आणलं आणि दोन युनिटच्या कॉलेजला, म्हणजे दोन्ही वर्षांच्या मिळून 200 मुलांना, 16 फुल टाइम प्राध्यापक लावले. कमाईच करायची तर असा नियम कोण करेल? ती पदं प्रत्यक्षात भरतात का, हे मात्र जरूर विचारा.

खरा फरक पडला शाळेत. नव्या नियमात 20 आठवडे शाळेत काढायचे, त्यातले 16 दुसऱ्या वर्षी. आधी कसं, टाचण (पाठाचा आराखडा) लिहा, सरावपाठ घ्या, मागे बसलेल्या सरांची सही घ्या की पुढची शाळा. शिरपूर-साक्रीकडच्या वर्गात घरी अहिराणी नाहीतर पावरी बोलणारं पोरगं "समजलं का" विचारलं की मान हलवतं, त्याला खरंच काय समजलं ते त्याच वर्गावर रोज उभं राहिल्याशिवाय कळत नाही, आणि पाठापुरतं आलेल्याला तर नाहीच.

2016 ला बॅच निघाली नाही हे खरंय, पण ती बॅच दुसऱ्या वर्षाला होती, 2017 ला पास झाली.

आणि एक वर्षाचं बीएड 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे ते चार वर्षांची डिग्री किंवा एमए-एमएस्सी झालेल्यांसाठी. तीन वर्षांचं बीए केलेल्यांना दोन वर्षांचंच आहे, त्यामुळे "थांब, एक वर्षाचं येतंय" म्हणून कुणाचं वर्ष घालवू नका.