दर्यात कशाला पाठलाग करताय, जेटीवरच पकडा ना

4 डिसेंबर 2023 ला नौदल दिन आमच्या मालवणात झाला. तारकर्लीसमोर युद्धनौका, वरून विमानं, अख्खा तालुका किनाऱ्यावर लोटलेला, छाती भरून आली हे खरंच. पण बाजूला आमचे एक काका होते, सगळं आयुष्य रापणीत (किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीत) गेलेलं, ते हळूच म्हणाले, "ह्या सगळा बरा, पण मलपीच्या बोटींका कोण अडवतलो?" मलपी म्हणजे कर्नाटकातलं बंदर, तिथले ट्रॉलर आपल्या हद्दीत घुसून मासळी नेतात.

नेव्ही आणि कोस्ट गार्डबद्दल तक्रार नाहीच. 26/11 ला अतिरेकी पोरबंदरची 'कुबेर' पळवून आले, त्यानंतर गस्त वाढली, खलाशांना कार्डं आली, भर दर्यात थांबवून कागद बघतात, बघू देत. पण ती गस्त देशाची हद्द राखायला. किनाऱ्यापासून 12 नॉटिकल मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर, तिथली मासळी राखायचं काम राज्याच्या मत्स्य विभागाचं, आणि त्यांच्याकडे काय तर भाड्याची गस्तीनौका. हायस्पीड ट्रॉलरवाले तिला लांबून बघूनच पसार होतात, जाताना आपल्या लोकांची जाळी फाडून जातात ते वेगळंच. जानेवारी 2025 पासून ड्रोन आलेत, चांगलंय, फोटो मिळेल, पण बोट धरून आणायला माणूस आणि इंजिनच लागतं ना.

आणि सगळा दोष परप्रांतीयांवर ढकलून मोकळं व्हायला नको. एलईडी दिवे लावून मासे पकडणाऱ्यांत आपलेच किती आहेत हे बंदरावर शेंबडं पोरगं पण सांगेल (नावं घेत नाही, गावात राहायचंय). रात्री जनरेटर लावून पाण्यावर लख्ख उजेड पाडायचा, बांगडा, तारली, बारकी पिल्लं सगळी उजेडाला गोळा झाली की पर्ससीन (मोठं गोल जाळं) सभोवती फिरवून खालून आवळायचं. मग सकाळी छोट्या होडीवाल्याच्या जाळ्यात काय येणार, डिझेलचा खर्चपण सुटत नाही. एलईडी मासेमारीवर केंद्राची बंदी 2017 पासून आहे, राज्याने 2021 ला कायदा सुधारून दंड लाखांत नेला, तरी रात्री किनाऱ्यावरून बघा, समोर दुसरं शहर वसलंय असं वाटतं.

माझं म्हणणं एवढंच की ह्या बोटी रात्रभर कुठेही असोत, मासळी उतरवायला शेवटी जेटीवरच येतात. जनरेटर, लाईटी, वायरी काय खिशात लपतात? 1 जून ते 31 जुलै तर पावसाळी मासेमारी बंदीमुळे ह्या यांत्रिक बोटी शाकारून किनाऱ्यावरच असतात. त्या दोन महिन्यांत एकेक बोट चढून तपासा, जिच्यावर सेटअप सापडेल तिचं लायसन्स तिथंच अडकवा, सरकारकडून मिळणारा डिझेलचा परतावा बंद करा. याला ना स्पीडबोट लागत ना ड्रोन.