दुसरा फोन

प्रदर्शन संपलं की टेबलाच्या खणात व्हिजिटिंग कार्डांचा एक गठ्ठा येऊन पडतो, त्याला रबरबँड लागतो आणि पुढच्या प्रदर्शनापर्यंत तो तिथेच मुरतो. भोसरी, अंबड, वाळूज, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपच्या ऑफिसात खण उघडून बघा. बंगळुरूच्या आयमटेक्स या मशीन-टूल प्रदर्शनाचा गठ्ठा वेगळा, चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमधला वेगळा, कुठल्याशा बिझनेस क्लबच्या सकाळच्या मीटिंगमधला वेगळा. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "नेटवर्किंग करून बघितलं हो, काही होत नाही त्यानं."

पहिल्या भेटीत काही होतच नसतं. धंद्यातलं नातं दुसऱ्या फोनपासून सुरू होतं, आणि त्या फोनमध्ये काही मागायचं नसतं. आपल्याकडे एक तर दुसरा फोन जातच नाही, आणि गेलाच तर "साहेब, काही एन्क्वायरी?" एवढंच विचारून संपतो.

जरा मोठ्या कंपनीतल्या पर्चेसवाल्याच्या, म्हणजे माल खरेदी करणाऱ्याच्या, खुर्चीत बसून बघा. नवा व्हेंडर घेतला आणि माल वेळेवर आला, तर त्याची पाठ कोणी थोपटत नाही. माल अडकला, लाइन थांबली, की मात्र भर मीटिंगमध्ये त्याला विचारतात, "हा व्हेंडर आणला कोणी?" त्यामुळे नगामागे दोन रुपये वाचतात म्हणून तो अनोळखी माणसाला काम देत नाही. त्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: हा काय करू शकतो, काय करू शकत नाही, आणि अडचण आली की फोन उचलतो का. तिसरी गोष्ट एका भेटीत कळत नाही, म्हणूनच वेळ लागतो.

पहिली गोष्ट मात्र अर्ध्या मिनिटात सांगता येते आणि तीच आपल्याला येत नाही. "आम्ही सगळ्या प्रकारचं मशीनिंग करतो" हे वाक्य ऐकलं की समोरचा मनातल्या मनात पुढच्या स्टॉलवर पोहोचलेला असतो. त्याऐवजी असं सांगा: "टर्न्ड पार्ट, ४० ते १६० मिमी व्यास, ईएन८ आणि एसएस ३०४, लॉट ५० ते २०० नगांचे, बोअर एच७ मध्ये." म्हणजे लेथवर फिरवून केलेले पार्ट, ईएन८ आणि एसएस ३०४ या जातींच्या पोलादात. बोअर म्हणजे आतलं भोक, आणि एच७ म्हणजे ५० मिमीच्या बोअरला मापात शून्य ते अधिक २५ मायक्रॉनची सूट. हे ज्याला कळतं तोच तुमचा माणूस, आणि ज्याला कळत नाही त्याच्या हाती निदान दुसऱ्याला सांगण्याजोगं काहीतरी लागतं. हे वाक्य कागदावर लिहून, कामगारांसमोर मोठ्यानं म्हणून बघा. ते हसले तर कुठेतरी थाप आहे.

प्रदर्शनात ऐंशी कार्डं गोळा करण्यापेक्षा आठ माणसांशी नीट बोलणं पुरतं. उद्घाटनाची वेळ सोडा, स्टॉलवरचे मोठे साहेब तेव्हा फोटोत असतात. शेवटच्या दिवशी दुपारी तीननंतर सगळे कंटाळून बसलेले असतात आणि मोकळेपणानं बोलतात. प्रश्न त्यांच्या कामाचा विचारा: हा पार्ट कुठे अडतो, रिजेक्शन कशात जातं, प्लेटिंग, म्हणजे वरचा धातूचा मुलामा, कुठून करून घेता. कार्ड मिळालं की दहा पावलं पुढे जाऊन त्यावर तीन शब्द लिहा: कुठे भेटलो, काय बोललो, त्याला काय हवं होतं. गुळगुळीत लॅमिनेशनच्या कार्डावर पेन चालत नाही, त्यासाठी खिशात छोटी वही ठेवा किंवा कार्डाचा फोटो काढून खाली टीप टाका. संध्याकाळी हॉटेलवर बसून लिहू म्हणाल तर सगळे चेहरे एकमेकांत मिसळलेले असतात.

मग दोन दिवसांच्या आत एक मेसेज. साधारण असा: "नमस्कार सर, शुक्रवारी हॉल ३ मध्ये भेटलो, पंप शाफ्टच्या रनआउटबद्दल बोललो होतो. आमचं काम टर्निंगचं, १६० मिमीपर्यंत. तुमच्या ५०० नगांच्या लॉटला आमच्याकडे सध्या जागा नाही, २०० पर्यंत जमतं. नंबर असू द्या." बस्स. १८ एमबीचं कॅटलॉग नको, कंपनीचा व्हिडिओ नको. त्या माणसाला न विचारता कुठल्या ग्रुपात टाकू नका, आणि गुलाबाच्या फुलावरचं सुप्रभात तर अजिबात नको. ब्रॉडकास्ट लिस्टमधला मेसेज ओळखायला कोणालाही दोन सेकंद लागतात, आणि त्यानंतर तुमचा खरा मेसेजही न वाचता वर सरकतो.

दुसरा फोन दोन-तीन आठवड्यांनी. त्याच्या बोलण्यातला एखादा काटा तुमच्या वहीत असतोच. समजा प्लेटिंगवाला वेळ पाळत नाही असं तो म्हणाला होता. तुमच्या गल्लीत ट्रायव्हॅलंट झिंकचं प्लेटिंग करणारा बरा माणूस असेल तर त्याचं नाव द्या. ईएन८ चा बार मिळत नव्हता, तर कोणत्या स्टॉकिस्टकडे आलाय ते सांगा. दोन मिनिटांचं काम. शेवटी "आणि आमच्याकडे पण लक्ष असू द्या" हे शेपूट जोडलं की सगळं मुसळ केरात.

फोन कधी करायचा तेही बघा. महिनाअखेरीला डिस्पॅचची मारामारी असते, मार्चच्या शेवटी स्टॉक मोजणी. भोसरी-चिंचवडच्या बऱ्याच भागात गुरुवारी सुट्टी असते, दुसऱ्या एमआयडीसीत वेगळ्या वारी. बाहेरचा माणूस नेमका सुट्टीच्या दिवशी फोन करतो आणि उचलला नाही म्हणून रुसतो.

आता ज्या गोष्टीनं सगळ्यात जास्त विश्वास बसतो आणि जी सगळ्यात कमी लोक करतात, ती म्हणजे वेळेवर नाही म्हणणं. ड्रॉइंग आलं, आपल्या मशीनवर बसत नाही, तर आपण काय करतो? गप्प बसतो, किंवा मुद्दाम अव्वाच्या सव्वा रेट टाकतो. पर्चेसवाला चार दिवस वाट बघतो, मग तो रेट तुलनेच्या तक्त्यात भरतो आणि तुमच्या नावापुढे कायमचं "महाग" लिहिलं जातं. त्याऐवजी त्याच दिवशी कळवा: "हे आमच्यात होणार नाही, लांबी ६०० आहे, आमचा बेड ५०० चा. अमुक ठिकाणी होईल, हवं तर त्यांच्याशी बोलून नंबर देतो." तुम्ही काम दुसऱ्याला दिलं, पण त्याच्या डोक्यात बसलं की हा माणूस जमत नसेल तर सांगतो. म्हणजे "जमतं" म्हणेल तेव्हा जमत असणार.

दुसऱ्याचं नाव सुचवायचीही रीत असते. आधी दोघांना विचारायचं. मग दोन ओळींत ओळख करून द्यायची, आणि उणं असेल तेही सांगायचं: "ग्राइंडिंग सुरेख आहे, डिलिव्हरी दोन दिवस पुढे जाते, तारीख तशी धरा." मग मधून बाजूला व्हायचं. कमिशन घेत असाल तर दोघांना माहीत असू द्या. लपवलेलं कमिशन वर्षभरात कळतंच, एमआयडीसी म्हणजे मोठं गावच. रेफरल क्लबांचा, म्हणजे सदस्यांनी एकमेकांना गिऱ्हाइकं सुचवायच्या क्लबांचा, प्रश्न मला इथेच दिसतो. त्यातलंच बीएनआय १९८५ साली अमेरिकेत सुरू झालं. एका चॅप्टरमध्ये, म्हणजे स्थानिक गटात, एका धंद्याचा एकच सदस्य आणि दर आठवड्याला मीटिंग, ही त्याची घडण. शिस्त चांगली आहे. पण आठवड्याला काहीतरी द्यायचंच म्हणून दिलेली शिफारशीची चिठ्ठी पातळ असते, आणि पातळ चिठ्ठीनं देणाऱ्याचंही नाव पातळ होतं. सदस्य असाल तर मीटिंगपेक्षा सदस्याच्या वर्कशॉपवर जाऊन तासभर मशीन बघा. फी तिथे वसूल होते.

वाईट बातमीचं तसंच. लॉटमध्ये १२ नग अंडरसाइज, मापाला कमी, निघाले तर गाडी गेटवर पोचायच्या आत फोन गेला पाहिजे: किती नग, काय चुकलं, बदली माल कधी. त्यांच्या इनवर्ड इन्स्पेक्शनमध्ये, आलेल्या मालाच्या तपासणीत, सापडले तर ती लपवाछपवी ठरते. हा फोन पर्चेसबरोबर क्वालिटीलाही करा. आपण सगळे पर्चेसच्या दाराशी गर्दी करतो. खरं तर ड्रॉइंगवरची टॉलरन्स, मापातली सूट, कुठे सैल करता येईल हे डिझाइनवाला सांगतो, आणि मालाचं डिलिव्हरी चलन कुठे अडकलंय हे स्टोअरमधला माणूस. त्यांची नावं पाठ हवीत.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा शोधनिबंध या विषयात अजून सांगितला जातो. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यानं विचारलं, त्या माणसाला किती वेळा भेटत होता? नेहमी भेटणारे १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६, क्वचित भेटणारे २७.८. २०२२ साली 'सायन्स'मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरचा अभ्यास आला, त्यातही मधल्या अंतरावरच्या ओळखी सगळ्यात उपयोगी ठरल्या. हे नोकरीबद्दलचं आहे, ऑर्डरबद्दलचं नाही, पण कारण लागू पडतं. शेजारच्या शेडवाल्याला जे कळतं ते तुम्हालाही चहाच्या टपरीवर कळलेलं असतं. नवी बातमी कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याकडून येते, ज्याच्याशी वर्षातून चारदा बोलणं होतं.

म्हणून ४० नावांची वही करा. रकाने चारच: नाव, शेवटचं बोलणं, विषय, त्याला आता काय उपयोगी पडेल. आठवड्याला चार फोन केले की दहा आठवड्यांत फेरी पूर्ण, म्हणजे प्रत्येकाशी वर्षातून पाचदा बोलणं. चाळीसच्या वर गेलात की वही बंद पडते. चौथा रकाना रिकामा असेल तर त्या आठवड्यात तो फोन करूच नका.

दिवाळीच्या सुक्यामेव्याच्या डब्याबद्दल फार बोलत नाही. बऱ्याच कंपन्यांत भेट घ्यायला बंदी असते, आणि तुमचा डबा त्या माणसालाच अडचणीत आणतो. आणि संघटनांनी रात्री साडेआठच्या, पेल्यांच्या मैफली थोड्या कमी करून सकाळी कारखानाभेटी ठेवल्या, तर उद्योजक बायकाही चर्चेच्या मध्यभागी दिसतील.

पैशांबद्दल मात्र बोलायलाच हवं. ओळख झाली की आपण थकलेलं बिल मागायला लाजतो. भीड भिकेची बहीण, ही म्हण कोणा वसुली करणाऱ्यानंच पाडली असावी. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाला पैसे देण्याची कमाल मुदत ४५ दिवस आहे. तारीख उलटली की अकाउंट्सला बिल नंबर, चलन नंबर आणि तारीख घालून कोरडा मेल करा. पर्चेसमधल्या मित्राला त्यात ओढू नका, फक्त "मेल टाकलाय" एवढं सांगून ठेवा. त्यालाही तेच सोयीचं असतं.

आणि एक फोन वहीत नसला तरी करायचाच. पर्चेसमधला माणूस नोकरी सोडतो, निवृत्त होतो किंवा त्याला काढतात. त्या महिन्यात त्याचा फोन एकदम शांत होतो. कालपर्यंत "साहेब, साहेब" करणारे गायब. तेव्हा फोन करून एवढंच विचारा, "सर, आता कुठे? काही लागलं तर सांगा." तो सहा महिन्यांनी चाकणच्या दुसऱ्या कंपनीत बसेल किंवा बसणारही नाही. बसणार नाही असं धरूनच फोन करा.