आर्गन मारलेलं अलॉय व्हील नव्यापेक्षा भक्कम? अजिबात नाही

खड्ड्यात तडकलेल्या अलॉय व्हीलला आर्गन वेल्डिंग (आर्गन वायूच्या आवरणाखाली धातू वितळवून जोडणं) करायचं, मग त्यावर घण घालायचा. व्हील फुटतं वेल्डच्या शेजारी, वेल्ड मात्र शाबूत. असे व्हिडिओ सर्रास फिरतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘जोड मूळ धातूपेक्षा मजबूत’. त्यावरच्या युक्तिवादांचा समाचार घेऊ.

‘बाजूला तुटलं, म्हणजे वेल्ड पक्कं.’ उलट, बाजूची जागा कमकुवत झाली होती म्हणून ती तुटली, आणि ती कमकुवत केली वेल्डिंगच्याच उष्णतेनं. व्हीलचा ओतीव धातू बहुधा ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा, किंचित मॅग्नेशियम घातलेला. तो सुमारे 540 अंशांवर तापवतात, पाण्यात थंड करतात, मग दीडशे अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. याला टी-6 म्हणतात. यात जे अतिसूक्ष्म कण तयार होतात, त्यांच्यामुळे ताकद येते. वेल्डिंगच्या आर्कच्या (विजेच्या ज्योतीच्या) उष्णतेनं शेजारचे कण विरघळतात किंवा मोठे होऊन निरुपयोगी ठरतात. नेहमीच्या वापरातल्या 6061-टी6 या ॲल्युमिनियम मिश्रधातूचं उदाहरण घ्या. त्याची यील्ड ताकद, म्हणजे कायमचं वाकण्याआधी तो सोसतो तो ताण, 240 मेगापास्कल धरली, तरी वेल्डपासून इंचभर अंतरात डिझायनर ती सुमारे 105 च धरतो. दुकानदाराकडे आर्गनचा सिलिंडर असतो, 540 अंशांची भट्टी नसते.

‘घणानं जोड सुटला नाही, रस्त्यावर काय सुटणार?’ घण दोनचारदा पडतो. कारचं चाक एका किलोमीटरला साधारण 500 फेरे घेतं, म्हणजे 10,000 किलोमीटरला 50 लाख. प्रत्येक फेऱ्यात रिमचा तोच भाग दाबला जातो आणि सुटतो. यातून जे होतं ते फटीग, म्हणजे वारंवारच्या ताणानं धातूचं थकणं, आणि तिथे घणाची परीक्षा कुचकामी. वेल्डची कड जिथे मूळ धातूला मिळते, तिथल्या बारीक खाचेतून तडा सुरू होतो आणि फेऱ्यागणिक केसभर पुढे सरकतो. वेल्ड केलेल्या ॲल्युमिनियमसाठीच्या फटीग संहिता (डिझाइनचे नियम) बहुतेक वेळा मिश्रधातू कोणता हे विचारतच नाहीत, जोडाचा आकार विचारतात. आणि त्याच आकाराच्या पोलादी जोडाला जेवढा ताण चालतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच इथे चालतो.

त्यात भर छिद्रांची. वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन भरपूर शोषतं आणि गोठताना तो धरून ठेवू शकत नाही, म्हणून वेल्डमध्ये बुडबुडे अडकतात. जुन्या व्हीलवरचं ग्रीस, रंग, ओल हे सगळं हायड्रोजनचंच आगार.

‘वरून जाड पास (वेल्डचा थर) मारलाय.’ मग तर कडेची खाच आणखी तीक्ष्ण. ग्राइंडरनं सपाट केला तर खाच जाते, पण आतली छिद्रं पृष्ठभागावर येतात. सपाट, रंगवलेलं व्हील दिसतं मात्र झकास!

‘हवा धरते ना?’ हवा धरते म्हणजे आज गळती नाही, इतकंच.

‘जहाजं, टँकरही वेल्डच करतात.’ करतात की. पण तिथे वेल्डशेजारची घटलेली ताकद धरूनच पत्र्याची जाडी ठरते. व्हीलची जाडी टी-6 गृहीत धरून ठरलेली असते.

‘विमानंही वेल्ड करतात.’ विमानाचं कवच मुख्यतः रिव्हेटनं जोडतात. 2024 आणि 7075 या क्रमांकांचे त्यातले मिश्रधातू वितळवून जोडायला गेलं तर गोठतानाच तडकतात. ते नीट जोडता येऊ लागले 1991 मध्ये ब्रिटनच्या टीडब्ल्यूआय या वेल्डिंग संशोधन संस्थेत शोधलेल्या फ्रिक्शन स्टर वेल्डिंगनं (फिरत्या हत्यारानं धातू घुसळून जोडणं), आणि त्यात धातू वितळतच नाही.