ब्लाऊज कधी होईल?

लग्नात दातांचे डॉक्टर भेटले की लोक तिथल्या तिथे जबडा उघडून दाखवतात. मला पाहिलं की मिटतात. मी पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. पोटगी, मुलांचा ताबा, दत्तक असं सगळं बघते. पण नातेवाइकांच्या तोंडी मी ‘घटस्फोटवाली’. वधूवरांवर अक्षता टाकायला हात उचलला तरी दोन्हीकडच्या आया माझ्या मुठीकडे बघत असतात.

त्यात ज्या कोर्टात मी काम करते, तिथे वकील हा पक्षकाराचा हक्क नाहीच, असं १९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा म्हणतो. परवानगी मागून उभं राहायचं. म्हणजे सासरी नांदतेय, पण पाहुणी म्हणून.

“मावशी, तुझं मार्केटिंगच नाही,” भाचा म्हणाला. तो डिजिटल का काय ते करतो. “टार्गेट ऑडियन्स कोण?”

“भांडणारे नवराबायको.”

“बापरे! केवढं मार्केट आहे!” आणि दोन दिवसांत त्याने पोस्टर आणलं : ‘जोडीने या, सवलत मिळवा.’

त्याला समजावलं, बाबा, दोघं भांडत आले तर मला एकाचंच वकीलपत्र घेता येतं. आणि मुळात वकिलाला जाहिरातच करता येत नाही. बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा, ३६ वा नियम आहे. पाटीसुद्धा ‘वाजवी’ आकाराची हवी आणि आपण अमुक कामात तज्ज्ञ आहोत असं तिच्यावर लिहायचं नाही. २००८ पासून वेबसाइटची तेवढी मुभा आहे. तीही नाव, पत्ता-फोन, सनद, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढ्यापुरती. भाच्याने ती यादी वाचली. “ही वेबसाइट आहे की रेशनकार्ड?”

आमच्या बिल्डिंगमध्ये खाली मिक्सर दुरुस्तीवाला आहे. त्याची पाटी माझ्या पाटीच्या चौपट : ‘जुने द्या, नवे घ्या.’ त्याला बार कौन्सिल नाही.

बरं, जाहिरात करायची ठरवली तरी कोणाला बोलवायचं? पूर्वी अशील आलं की सोबत आई, मामा आणि रडणं यायचं. आता नुसती एक्सेल शीट येते. एक जोडपं सामंजस्याने वेगळं होत होतं, फ्लॅट-गाडी-एफडी वीस मिनिटांत वाटून मोकळं झालं आणि कुत्र्यावर अडलं. मुलांच्या ताब्यासाठी १८९० चा कायदा आहे. कुत्रा कायद्याच्या लेखी सोफ्याच्या शेजारी बसतो, मालमत्ता म्हणून. सोफ्यावर बसू देत नाहीत, एवढीच त्या कुत्र्याची तक्रार.

परवा दोन मध्यमवयीन गृहस्थ आले. एकमेकांशी इतकं अदबीने बोलत होते की मला वाटलं व्याही असावेत. तसेच निघाले म्हणायचे. एकाची विधवा आई आणि दुसऱ्याचे विधुर वडील यांना लग्नाशिवाय एकत्र राहायचं होतं. “मॅडम, आईला समजवा हो. निदान लग्न तरी कर म्हणावं, लोक काय म्हणतील?” एक म्हणाला. दुसरा पटकन म्हणाला, “नको नको, लग्न नको, फ्लॅटचा घोळ होईल.” मग दोघं माझ्याचसमोर भांडले. आजी बाहेर बाकावर बसून आजोबांना संत्रं सोलून देत होत्या, बिया काढून. यांना कुठलं पोस्टर दाखवणार?

तर माझी खरी जाहिरात चालते मंगल कार्यालयातल्या हात धुवायच्या नळापाशी. मागच्या महिन्यात एका लग्नात जेवण झाल्यावर एक बाई नळ सोडून कुजबुजल्या, “नंबर द्या ना तुमचा. माझ्यासाठी नाही हं, मैत्रिणीसाठी.” सगळ्या मैत्रिणींसाठीच घेतात. त्यांनी माझ्यादेखतच नंबर सेव्ह केला, ‘ब्लाऊजवाल्या ताई’ म्हणून. मी वाईट वाटून घेतलं नाही. कोणाच्या फोनमध्ये मी ‘गॅस एजन्सी’ आहे, एकीच्या ‘भिशी’. एका साहेबांच्या फोनमध्ये ‘प्लंबर पाटील’.

परवा रात्री साडेआठला फोन आला. मागे कुकरची शिट्टी.

“ताई, माझं ब्लाऊज कधी होईल हो?”

राँग नंबर म्हणणारच होते, तेवढ्यात आवाज ओळखला. “सासूबाई शेजारी आहेत का?”

“हो ना.”

“बरं. दोघांची संमती आहे?”

“कापड दोघांना पसंत आहे.”

“वर्षभर नवराबायको म्हणून राहत नाही आहात ना?”

“वर्ष काय, दीड वर्ष नुसतं घडी घालून ठेवलंय.”

“मग अर्ज केल्यापासून सहा महिने धरा.”

“सहा महिने? एका ब्लाऊजला?”

“घाई असेल तर बघता येईल. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय, काही अटी पुऱ्या होत असतील तर हे सहा महिने माफ करता येतात.”

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मग लांबून सासूबाईंचा आवाज आला, “विचार गं तिला, माझंही एक होईल का?”