खुलासा : व्हील चॉप्समधलं (वासराच्या मांसाच्या हाडासकट तुकड्यांमधलं) लाल पाणी म्हणजे रक्त नव्हे

इथे अमेरिकेत उन्हाळा लागला की अंगणात ग्रिल पेटतं. आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : "व्हील चॉप्समधून लाल पाणी येतं ते रक्त. ते पूर्ण थांबेपर्यंत भाजा, नाहीतर विषबाधा होईल." मीही तो पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे, त्याबद्दल मनापासून क्षमा मागते.

जनावर कापल्यावर रक्त जवळजवळ सगळं निघून जातं. उरतं ते स्नायूंमधलं पाणी आणि त्यातलं मायोग्लोबिन हे लाल प्रथिन. वासराच्या मांसात ते कमी, म्हणून व्हील मुळातच फिकट गुलाबी असतं. त्यामुळे नुसत्या रंगावरून अंदाज बांधणं धोक्याचंच. इथल्या कृषी खात्याची शिफारस स्पष्ट आहे : थर्मामीटर हाडाला न टेकवता चॉपच्या मधोमध खुपसा, ६३ अंश सेल्सिअस (१४५ फॅरनहाइट) झालं की आचेवरून उतरवून ३ मिनिटं तसंच ठेवा. खिम्याला मात्र ७१ अंश हवेत, कारण खिमा करताना वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात.

मेसेजप्रमाणे भाजलं तर एवढं महागाचं, कमी चरबीचं मांस वातड होतं. खरी काळजी घ्यायची ती वाढल्यानंतर. बाहेर ३२ अंशांपेक्षा जास्त ऊन असेल, तर उरलेलं तासाभरात फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, आणि माझ्याकडून आला असेल तर डिलीट करा.