शोधून सापडतं, त्याला आठवणं म्हणतात?

इमॅक्युलेट ग्रिड या बेसबॉलच्या रोजच्या ऑनलाइन कोड्यात चौकटी नऊ, संधीही नऊच. प्रत्येक चौकटीत दोन अटींत बसणारा, बहुतेकदा दोन्ही संघांकडून खेळलेला, खेळाडू भरायचा. एक उत्तर चुकलं की एक चौकट रिकामी राहणार. एकच खेळाडू दोनदा चालत नाही. खेळ सगळा आठवणीचा आहे ना? मग आमच्या न्यू जर्सीच्या ग्रुपवर रोज सकाळी सातला नऊपैकी नऊ येतात कुठून? तेही असे खेळाडू, जे १९११ साली चार सामने खेळून घरी गेले! "अरे, सहज आठवला." सहज? परवापर्यंत ज्याला रिकी हेंडरसन रेड सॉक्सकडून खेळला होता हे ठाऊक नव्हतं, त्याला?

मेट्स आणि रेड सॉक्सच्या चौकटीत मला पेड्रो मार्टिनेझ टाकायचा नसतो. तो सगळेच टाकतात, दुर्मिळतेचा आकडा फुगतो, आणि तो जितका कमी तितका चांगला. म्हणून मी ट्रेनमध्ये डोळे मिटून बसते, एखादा विसरलेला पिचर आठवेपर्यंत. काल नाव अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात फोन थरथरला: "आज एडविन जॅक्सन टाका, कुठेही चालतो!" १४ संघांकडून खेळलाय तो, चालणारच! पण विचारलं होतं कोणी? माझं नाव गेलं ते गेलंच.

रात्रीपर्यंत दम धरायला काय होतं? नेटवर शोधायचंच तर खुशाल शोधा, पण मग तो आकडा ग्रुपवर मिरवू नका. आणि मिरवलातच, तर एवढं सांगा: त्या खेळाडूचा एक तरी सामना डोळ्यांसमोर येतो का?